पुंडलिकराव इथं राहत नाहीत

नागपुरात नंदनवनातल्या आमच्या गल्लीत हातात फाइल घेऊन कोणी शिरलं आणि कोणाचंही नाव विचारलं, तर त्याला उत्तर एकच मिळतं. "राहत नाही." तो माणूस समोरच बनियनवर दात घासत उभा असला तरी हेच मिळतं. ही पद्धत आमचे काकाजी, म्हणजे पुंडलिकराव डांगोरे, यांनी लावली. काकाजी गेले, पद्धत राहिली. मागच्या महिन्यात डासांची फवारणी करणारे घरमालकाचं नाव विचारत आले, तेव्हा माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या मुलालाच गल्लीबाहेर काढलं. तो आत जेवत होता.

काकाजी आमच्या समोरच्या घरात राहायचे. हे वाक्य मी आज सहज लिहिते आहे, पण ते खरं आहे की नाही हे ठरवायला सरकारला बराच काळ लागला आणि त्यात आमच्या गल्लीची चांगली शोभा झाली. ती हकीकत सांगायचीच आहे. पण आधी माणूस कळायला हवा, नाहीतर तुम्हाला वाटेल मी रचून सांगते.

अंगानं काटक, पाय मात्र नको तेवढे लांब. घराच्या ओट्यावर बसले की पाय थेट रस्त्यात यायचे, आणि दूधवाले, भाजीवाले, ऑटोवाले सगळे त्या पायांना वळसा घालून जायचे. पाय आवरून घ्यावेत हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नाही. नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर झालेली. म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि तो पुढच्या टेबलावर ढकलायचा. जन्मभर एवढंच केल्यावर दुसरा माणूस गप्प बसला असता. काकाजींनी त्यातून तत्त्वज्ञान काढलं.

"आधी आलेला कागद ढिगाखाली जाते, सुनबाई," ते मला सांगायचे. "शेवटच्या दिवशी आलेला वर राहते. साहेबाचा हात पयले त्याच्यावरच पडते."

त्यामुळे काकाजी कोणतीही गोष्ट मुदतीच्या शेवटच्या दिवशी करत. विजेचं बिल शेवटच्या दिवशी, तेही खिडकी बंद होताना हात आत घालून. लग्नाला जायचे ते मंगलाष्टकं संपता संपता, त्यामुळे हातातल्या अक्षता बहुतेक वेळा खिशातच घरी यायच्या. मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसते, दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकते आणि सहसा चिडत नाही. पण काकाजी औषधाच्या गोळ्यासुद्धा तारीख संपायच्या आठवड्यात घेतात हे कळलं तेव्हा मी ओट्यावर जाऊन त्यांच्याशी भांडले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मुदत दिली कशाला मग कंपनीनं.

त्यांचा दुसरा सिद्धांत असा की कोणताही नकार हा पहिला नकार असतो. त्याच्यावर अपील असतं, आणि अपिलाला पंधरा दिवस असतात. हे पंधरा दिवस त्यांनी कचेरीतून उचलून थेट स्वयंपाकघरात आणले होते. शकुंतलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, रविवारी म्हणाल्या की आज वडाभात होणार नाही, तर काकाजी चकार शब्द बोलायचे नाहीत. मुकाट्यानं पोळी-भाजी खाऊन उठायचे. बरोबर पंधराव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणायचे की त्या दिवशीच्या निर्णयाबद्दल त्यांना दोन शब्द सांगायचे आहेत. काकूंना काही केल्या आठवायचंच नाही कोणता निर्णय ते. मग त्या वैतागून वडाभात करायच्या, आणि काकाजी आम्हाला ओट्यावरून सांगायचे की अपील मंजूर झालं.

काकू बुटक्या, गोल, आणि फार थोडं बोलणाऱ्या. काकाजी दहा वाक्यं बोलले की त्या एक "हाव" म्हणायच्या आणि करायच्या ते वेगळंच. या दोघांचं सगळ्या गल्लीला ठाऊक असलेलं एक प्रकरण होतं, ते म्हणजे मतदान. काकाजींनी उभ्या आयुष्यात एकही मतदान चुकवलं नव्हतं, आणि याचा त्यांना भलता गर्व. दोघं जोडीनं जायचे, अर्थात मतदान संपायच्या सुमाराला. काकूंनी लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत जाहीर केलं होतं की तुम्ही ज्याला द्याल त्याच्या उलट मी देईन. तेव्हापासून काकाजी आपलं मत कोणाला ते घरात बोलत नसत. तरीही दर वेळी शाळेबाहेर आल्यावर काकू सांगायच्या, "दिलं उलट."

"आमच्या घरचं मत म्हणजे एकातून एक गेला, शून्य," काकाजी सगळ्यांना सांगायचे. "हिले समजते कसं, तेच कळत नाही." ही तक्रार ते अशा तोऱ्यात करायचे की जणू बायकोनं बोर्डात नंबर काढला.

आता ती "राहत नाही"ची पद्धत. झालं असं, पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा एक जण मोहोड भाऊंचं घर विचारत आला. मोहोड भाऊ म्हणजे काकाजींच्या भिंतीला लागून राहणारे, स्वभावानं गरीब. काकाजींनी घर दाखवलं, मोहोड भाऊ घरी नव्हते, आणि तो विक्रेता थांबतो म्हणून काकाजींकडेच बसला. दुपारभर बसला. काकाजींच्या माठातलं पाणी त्यानं पुन्हा पुन्हा शुद्ध करून त्यांना पाजलं. त्या संध्याकाळी काकाजींनी गणपतीच्या मांडवात गल्लीची सभा घेतली आणि नियम केला. हातात फाइल किंवा बॅग असलेला अनोळखी माणूस कोणाचंही नाव विचारो, तो इथं राहत नाही. बस.

नुसता नियम करून थांबतील तर ते काकाजी कसले. पुढच्या आठवड्यात ते स्वतः तोंडाला दुपट्टा गुंडाळून, डोळ्यांवर काळा चष्मा लावून, बगलेत फाइल धरून दारोदार परीक्षा घेत फिरले. आमच्या दारात येऊन त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं की मोहोड कुठं राहतात. सासूबाई म्हणाल्या, "अवो डांगोरे, तुमच्याच बाजूले तं राहते." सासूबाई नापास झाल्या. हे त्यांच्या फार मनाला लागलं. त्यानंतर त्या या विषयात इतक्या तयार झाल्या की ओळखीच्या पोस्टमनलाही उडवून लावायच्या.

नियमाला दुरुस्ती फक्त एकदा झाली. मोहोड भाऊंच्या मुलीला पाहायला वर्ध्याचे पाहुणे यायचे होते. मुलाच्या मामांनी पत्रिका आणि बायोडाटा फाइलमध्ये नीट लावून आणला होता. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी विचारलं, मध्ये विचारलं, शेवटी खुद्द काकाजींना विचारलं. मोहोड इथं राहत नाहीत असं सगळ्यांनी एकमुखानं सांगितल्यावर पाहुणे आल्या पावली वर्ध्याला परत गेले. मोहोड भाऊ पोहे झाकून संध्याकाळपर्यंत वाट पाहत होते. मग पुन्हा सभा भरली आणि ठरलं की हातात मिठाईचा डबा असेल तर माणूस राहतो. पाहुण्यांना फोन करून तशी सूचना गेली, ते डबा घेऊन आले, आणि लग्न झालं एकदाचं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना काकाजींच्या मुलानं शहराबाहेर बेसाला फ्लॅट घेतला आणि आई-बाबांना तिकडे राहायला नेलं. नव्या घराच्या उत्साहात काकाजींनी जन्मात पहिल्यांदा एक काम वेळेआधी केलं. त्यांनी मतदार यादीतलं आपलं नाव नंदनवनातून बेसाला हलवलं. काकूंनी हलवलं नाही. त्या म्हणाल्या की आधी तिथं करमतं का ते पाहू, मग नावाचं पाहू.

काकाजींना करमलं नाही. बेसाच्या त्या इमारतीत कोणी कोणाचं नाव विचारतच नव्हतं. खाली चौकीदार, त्याच्याकडे फोन, फोनवरून वर विचारायचं, की सोडला माणूस. काकाजी खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून पाय पसरून बसायचे, तर चौकीदार येऊन सांगायचा की गाडी काढायची आहे, पाय घ्या. काही महिन्यांत दोघं परत आले. येताना काकाजींनी रीतसर अर्ज देऊन बेसाच्या यादीतलं नाव कमी करून घेतलं आणि नंदनवनच्या पत्त्यावर नव्यानं नोंदणीचा अर्ज केला. म्हणजे मधल्या काळात सरकारदरबारी काकाजी बेसालाही नव्हते आणि नंदनवनातही नव्हते. महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. यादी बंद होण्याआधी नाव लागलं नाही तर काकाजींचं मतदान पहिल्यांदाच चुकणार होतं.

चौकशीला एका शाळेच्या बाई आल्या. मतदार यादीचं काम शाळेतल्या बाईंकडे असतं, आणि ते काम म्हणजे हातात फाइल. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. बाईंनी मोहोड भाऊंना विचारलं, सासूबाईंना विचारलं, आणखी तीन-चार दारं वाजवली. सगळीकडे एकच. अर्जावरचा फोटो पाहून ओळखावं, तर काकाजींनी मुलाच्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो लावला होता आणि छापताना तो इतका काळा झाला होता की फेटा तेवढा कळत होता. मी त्या वेळी दवाखान्यात होते, म्हणून वाचले. घरी असते तर मीही तेच सांगितलं असतं, लपवून कशाला ठेवू.

अर्ज नामंजूर झाला. आदेशासोबत बाईंच्या अहवालाची प्रत मिळाली, ती काकाजींनी ओट्यावर बसून आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. अर्जदार सदर पत्त्यावर राहत नसल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. इथवर ठीक होतं. काकाजींनी मोहोड भाऊंची पाठही थोपटली, की पद्धत चोख पाळली. पुढचं वाक्य होतं, सदर घराच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या एका वृद्ध इसमानेही तसेच सांगितले.

काकाजी भडकले. माझ्याच ओट्यावर बसून मलाच नाही म्हणणारा हा म्हातारा कोण, असं ते तणतणत विचारू लागले. शेजाऱ्यांचं समजू शकतो, पण बाहेरचा माणूस येऊन ओट्यावर बसतो म्हणजे काय. त्यांनी गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची नावं घेतली. एकाला फोन करून विचारलं की तू माझ्या ओट्यावर कधी लसूण सोलला होतास का. तो बिचारा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पलंगावर पडून होता. मोहोड भाऊंना सगळं कळत होतं, ते जमिनीकडे पाहत होते. शेवटी काकू आतून बाहेर आल्या.

"लसूण कोणाले सोलाले देतो मी?" त्यांनी विचारलं.

काकाजींनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "वृद्ध लिहाची काय गरज होती?"

नंतर ते एकदम खुलले. नामंजूर म्हणजे अपील आलं, आणि आदेशापासून पंधरा दिवसांत कलेक्टरकडे अपील करता येतं हे त्यांनी कचेरीतल्या माणसाकडून पक्कं करून घेतलं. तिथंही नाही म्हणाले तर वर मुंबईत मोठ्या अधिकाऱ्याकडे दुसरं अपील, त्याला तीस दिवस. आयुष्यभर वडाभातावर भागवलेल्या माणसाच्या हाती खरंखुरं अपील लागलं होतं. आता प्रश्न एवढाच होता की ते कधी करायचं, आणि त्याचं उत्तर गल्लीला माहीत होतं.

घाबरल्या त्या काकू. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते, पण त्यांना अशी घाई कधी झालेली पाहिली नव्हती. त्या रोज सकाळी चहाबरोबर विचारायच्या की आज जाता का. रोज काकाजी म्हणायचे की मुदत आहे ना. काकूंनी एकदा त्यांच्या चपला दाराबाहेर नेमक्या रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "तू सांग वं यायले. तुह्यं ऐकते." मी सांगितलं. त्यांनी मला ढिगाचं पुन्हा समजावून दिलं.

शेवटचा दिवस आला. काकाजींची स्कूटर नंदनवनाबाहेर धावत नसे, म्हणून मी रजा टाकली आणि माझ्या गाडीवर त्यांना मागे बसवून निघाले. त्यांचे पाय दोन्ही बाजूंना निघालेले. महाल भागाच्या अलीकडेच अडकलो. समोर ही गर्दी, ढोल, गुलाल, आणि गर्दीच्या डोक्यावरून डुलत चाललेली मारबत. पोळ्याचा दुसरा दिवस. कागदाचे आणि बांबूचे ते अक्राळविक्राळ पुतळे मिरवत न्यायचे, गावातली सगळी पीडा त्यांच्यासोबत घालवायची, हे नागपूर वर्षानुवर्षं करत आलं आहे. लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. काकाजींनी मागच्या सीटवर उभं राहायचा प्रयत्न केला आणि ओरडले, "अर्ज नामंजूर करणाऱ्याले घेऊन जाय गे मारबत." आजूबाजूच्या दोघा-तिघांनी ते लगेच उचललं. त्यांचेही कुठले अर्ज अडलेले असावेत.

आम्ही कसेबसे सिव्हिल लाइन्सला पोचलो तर कचेरीचं फाटक बंद. मारबतीच्या दिवशी नागपुरात स्थानिक सुट्टी असते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतं. पण दवाखान्याला सुट्टी नसते, त्यामुळे माझ्या ते डोक्यातच आलं नाही. काकाजींना निवृत्तीपासून रोजच सुट्टी. आम्ही दोघं अख्खी मिरवणूक पाहूनही कुलपासमोर येईपर्यंत खुळ्यासारखे निश्चिंत होतो.

मी रडायच्या बेतात होते. काकाजी म्हणाले की घाबरू नको, शेवटच्या दिवशी कचेरीच बंद असेल तर दुसऱ्या दिवशीचा कागद चालतो. पण आपण आज आलो होतो याचा पुरावा हवा. त्यांनी कोपऱ्यावरून आजचं वर्तमानपत्र आणलं, ते छातीशी धरून बंद फाटकासमोर उभे राहिले आणि मला फोटो काढायला लावला. अंगावर गुलाल, हातात पेपर, मागे कुलूप. खंडणीसाठी पळवलेल्या माणसाचा घरच्यांना पाठवतात तसा तो फोटो आला. चौकीदारानं हे पाहून काकाजींना बसायला स्टूल दिलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी आम्ही हजर. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज घेतला, काल सुट्टी होती म्हणून आज चालेल असं स्वतःच म्हटलं आणि शिक्का मारला. काकाजींनी फोटो दाखवायला मोबाइल पुढे केला. बाईंनी पाहिला नाही. फोटो वाया गेल्याचं काकाजींना फार वाईट वाटलं.

सुनावणीची तारीख लागली. तिथं राहतो हे सांगायला शेजारी न्यायचे होते. काकाजींनी मोहोड भाऊ आणि सासूबाई यांना निवडलं, कारण बाईंना सगळ्यात आधी नाही म्हणणारे तेच होते, आणि त्यांनीच आता खरं सांगितलं की विषय संपला. मी गाडीवर सासूबाईंना आणलं. काकू पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या. त्यांना साक्षीदार करायला काकाजी तयार नव्हते. ती उलटच बोलेल, असं त्यांचं म्हणणं.

अपील ऐकणाऱ्या मॅडम तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी समोरची फाइल उचलली, मोहोड भाऊंकडे वळल्या आणि विचारलं, "हे पुंडलिक डांगोरे तुमच्या गल्लीत राहतात का?"

मोहोड भाऊंनी मॅडमकडे पाहिलं. मग फाइलकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होऊन गेलं, आणि ते म्हणाले, "राहत नाही."

काकाजींनी डोळे मिटले. मोहोड भाऊंना स्वतःलाच कळेना की तोंडातून हे कसं निघालं. मॅडम सासूबाईंकडे वळल्या, फाइल अजून हातात. मी मागून सासूबाईंच्या पदराला हिसका दिला, पण परीक्षेत नापास झाल्याचं त्यांना आठवत असावं.

"कोण डांगोरे?" सासूबाई म्हणाल्या. "मी तं यायले आजच पाहून राहिली."

मॅडमनी फाइल मिटायला घेतली. त्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मिटलीही असती, पण काकू उठल्या. बाटली माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि थेट टेबलापाशी गेल्या.

"मॅडम, मी यायची बायको. हा माणूस तिथंच राहते," काकू म्हणाल्या. "मले इचारा. ओला टॉवेल पलंगावर टाकते. चष्मा डोक्यावर राहते अन् मले घरभर शोधाले लावते. दूध उतू जाते तवा गॅसपाशी उभा राहून मले आवाज देते, बटन नाही फिरवत. बेसाले नेलं तं वाटलं तिथं सुधरन. तिथंबी तसाच राहिला. वापस आला अन् पुन्हा राहून राहिला. आता आणखी कसं राहाले पायजे यानं?"

एवढं सलग बोलताना मी काकूंना त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि मनापासून हसल्या. मग त्यांनी यादी काढून पाहिली. त्याच पत्त्यावर काकूंचं नाव होतंच, कारण त्यांनी ते कधी हलवलंच नव्हतं. शेजारी असं का बोलले हे मॅडमनी विचारल्यावर काकाजींनी गल्लीचा नियम सविस्तर, मिठाईच्या दुरुस्तीसकट सांगितला. मॅडम म्हणाल्या की अजून एक दुरुस्ती करा, मतदार यादीवाल्या बाई आल्या तर राहत जा. अपील मंजूर झालं आणि यादी बंद व्हायच्या आत काकाजींचं नाव लागलं.

थंडीतलं ते मतदान काकाजींचं शेवटचं ठरलं. उन्हाळा लागायच्या आत ते झोपेतच गेले. मला त्यांची आठवण येते, कित्येकदा येते, आणि समोरचा रस्ता पाय नसल्यामुळे नको तेवढा रुंद वाटतो. पण डोळ्यांपुढे येतात ते त्या मतदानाच्या संध्याकाळचे काकाजी.

शाळेत आम्ही अर्थातच शेवटी शेवटी पोचलो. महापालिकेला एका माणसाला चार मतं द्यायची असतात, त्यामुळे रांग हळू सरकत होती. मी आणि काकू मत देऊन बाहेर आलो आणि शाळेच्या पायरीवर बसलो. काकाजी आत होते. चारही याद्या वरपासून खालपर्यंत वाचत असणार. मी काकूंना सहज विचारलं की काकाजी कोणाला देतात हे तुम्हाला कळतं तरी कसं, उलट द्यायला.

"मले का माहीत ते कोणाले देते?" काकू म्हणाल्या. "मी कुठी उलट देतो? मी माह्यं देतो."

मग उलट म्हणून सांगता कशाला, मी विचारलं. काकूंनी दाराकडे एक नजर टाकली.

"उलट देतो म्हटलं म्हणून तं त्यायनं मले कधी सांगितलं नाही, याले दे का त्याले दे. माह्या मायले घरून सांगून पाठवत. माह्या जावा-नणंदायलेबी." त्या माझ्याजवळ सरकल्या. "अन् यंदा त्यायचं नावच नसतं लागलं, तं माह्याच मतात आपलं बसवलं असतं त्यायनं. मंग मी काय केलं असतं?"

रोजचा चहा, रस्त्याकडे तोंड केलेल्या चपला आणि टेबलापाशी खोचलेला पदर, सगळं मला तेव्हा कळलं. मला इतकं हसू आलं की पायरीवरून उठवेना, आणि काकूंचा अभिमानही तेवढाच वाटला.

तेवढ्यात काकाजी बाहेर आले. शाईचं बोट शर्टाला लागू नये म्हणून हात लांब धरलेला.

"दिलं?" त्यांनी विचारलं.

"दिलं," काकू म्हणाल्या. "चारही उलट."

काकाजींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. चेहरा असा फुललेला की नवरदेवाचाही इतका फुलत नाही. "पाह्यलं, सुनबाई? इतके वर्षं झाले, एक मत टिकू देत नाही."

त्यांनी स्कूटरला किक मारली, काकू मागे एका बाजूनं बसल्या आणि त्यांच्या खांद्याला धरलं. स्कूटर वळताना काकूंनी मागे माझ्याकडे पाहिलं आणि शाई लागलेलं बोट हळूच ओठांवर ठेवलं.